चिखलणीची लोखंडी चाके आणि ट्रॉलीचा तळ



आर्द्रा-पुनर्वसूच्या पावसात आपल्या मुळशीच्या भातखाचरांतून चिखलणीची एकच घाई उडते. रोप तयार असते, खाचरात पाणी तुंबलेले असते, आणि पॉवर टिलर मात्र सगळ्यांना एकाच दिवशी हवा असतो. अशा वेळी ट्रॉलीच्या तळाकडे लक्ष देण्यास सवड कोणाला? परंतु आमच्याकडे दिवाळीनंतर जी विचारणा येते, तीत "साहेब, ट्रॉलीचा पत्रा फाटला, आता नवा टाकावा की ठिगळ लावावे?" हा प्रश्न हमखास असतो. तेव्हा या पत्रकात ट्रॉलीच्या तळाविषयीच बोलू.

मारुंजीची गोष्ट घ्या. पूर्वी खाचरे गावाला लागून, एकमेकांना चिकटून होती. औत बांधावरून बांधावर जायचे. हिंजवडीला आयटी पार्क झाले, रस्ते रुंद झाले, मधल्या जमिनीवर इमारती उठल्या आणि कसणाऱ्याची जमीन तुकड्या-तुकड्यांत उरली. एक खाचर गावठाणाजवळ, दुसरे नेऱ्याच्या बाजूला, तिसरे कासारसाईकडे. ज्याच्याकडे यंत्र आहे तो स्वतःचे उरकून जांबे, माण, नेरे अशी भाड्याची कामेही करतो. म्हणजे यंत्र शेतात जितके चालते, तितकेच ते रस्त्यावरून फिरते. आणि चिखलणीची लोखंडी चाके लावलेले यंत्र डांबरी रस्त्यावर चालवायचे नसते. चाकाचे दाते वाकतात, रस्ता उखडतो, वर लोकांच्या शिव्या. रबरी टायर चढवून न्यावे तर प्रत्येक खाचराशी चाके बदलण्यात वेळ जातो. म्हणून आपण काय करतो? लोखंडी चाकांसकट यंत्र ट्रॉलीत चढवतो आणि निघतो. यात चूक काही नाही, पण त्याची किंमत ट्रॉलीचा तळ मोजतो.

तळ कशाने जातो

बहुतेकांचे मत असे, की वजनाने पत्रा फाटतो. तसे नाही. विचार करा, पॉवर टिलर चार-साडेचारशे किलोचा. त्याच ट्रॉलीतून आपण हिवाळ्यात कासारसाई-दारुंब्रेच्या साखर कारखान्याला कित्येक टन ऊस नेतो, तेव्हा तळाला काही होत नाही. मग चारशे किलोने काय होणार? घोटाळा वजनाचा नाही, ते वजन किती जागेवर टेकते याचा आहे.

साधा हिशेब सांगतो. ५० किलो वजनाची बाई अनवाणी उभी राहिली, तर तिची दोन्ही पावले मिळून सुमारे २०० चौरस सेंटिमीटर जागेवर टेकतात. म्हणजे एका चौरस सेंटिमीटरवर पाव किलो भार. आता ३५० किलोचा रोटाव्हेटर ट्रॉलीत तसाच खाली ठेवला आणि तो सहा पात्यांच्या टोकांवर टेकला असे धरू. एकेका टोकाची टेकणारी जागा १ चौरस सेंटिमीटर धरली, तरी प्रत्येक टोकाखाली ५८ किलो भार आला. बाईच्या पावलाच्या दोनशे पटींहून जास्त! वर खड्ड्यात ट्रॉली आदळली, की हा भार क्षणभर आणखी वाढतो. मग पत्र्याला खळगा पडतो, रंग उडतो, आणि उघड्या पडलेल्या लोखंडावर पहिल्याच पावसात तांबेरा चढतो. (हा तांबेरा गव्हावरचा नव्हे, त्याला औषध फवारून भागत नाही.)

टोचण्याइतकेच घसटणे वाईट. लोखंडी चाकाचा दाता एका जागी टेकून राहिला, तर एक ओरखडा पडेल. पण यंत्र नीट बांधलेले नसले, तर ते दर धक्क्याला बोटभर सरकते. मारुंजी ते कासारसाई जाऊन येईपर्यंत तोच दाता त्याच जागी शेकडो वेळा पुढे-मागे घासतो. कानशीच चालते म्हणा ना! सर्वांत जास्त नुकसान मात्र चढवता-उतरवताना होते. फाळक्याकडच्या कडेवर दाते अडकतात, आणि आत गेल्यावर यंत्र सरळ करण्यासाठी कोणी तरी स्टिअरिंग क्लच दाबून ते तिथल्या तिथे फिरवतो. पत्र्यावर अर्धवर्तुळाकार चरे दिसले, तर समजावे की हा उद्योग झालेला आहे.

ही अडचण काही आपलीच नाही. कॅनडात आणि अमेरिकेच्या उत्तर भागात बर्फावरून चालणारी स्नोमोबाइल नावाची गाडी असते. आपल्याकडे गुलमर्गला सहलीला गेलेल्यांनी ती पाहिली असेल. पुढे दोन घसरपट्ट्या, मागे रबराचा रुंद पट्टा. निसरड्या बर्फावर पकड मिळावी म्हणून तिकडचे लोक घसरपट्टीखाली कार्बाइड या अतिकठीण धातूची धार बसवतात आणि पट्ट्याला अणकुचीदार खिळे मारतात. गाडी ट्रेलरवर चढली, की ही धार आणि हे खिळे ट्रेलरचा लाकडी तळ कुरतडतात. वर बर्फ वितळण्यासाठी रस्त्यावर मीठ टाकलेले असते. त्याचे पाणी ट्रेलरच्या लोखंडात शिरते. आता पाहा, त्यांचे खिळे म्हणजे आपले चिखलणीचे दाते, आणि त्यांचे मीठ म्हणजे आपल्या फुटक्या पोत्यांतून सांडलेले खत. ते लोक चाकोरीपुरत्या रबरी किंवा प्लास्टिकच्या पट्ट्या तळावर टाकून यंत्र चढवतात. चाकोरीपुरत्या, हा शब्द लक्षात ठेवा. पुढे त्याचे काम आहे.

माझी चूक

सहा वर्षांपूर्वी, या भागात नवीनच आलो होतो तेव्हाची गोष्ट. एका शेतकरी बंधूंनी ट्रॉलीच्या तळाला काय अंथरावे असे विचारले. मी ऐटीत सांगितले, "गोठ्यात गायींखाली टाकतात ती रबरी मॅट टाका, संपूर्ण हौदाभर. एक इंचही पत्रा उघडा ठेवू नका." त्यांनी तसेच केले. खर्चही बराच केला. पहिल्या वर्षी पत्र्यावर एक ओरखडा नाही. मी दोन ठिकाणी त्या ट्रॉलीचे उदाहरणही दिले.

दुसऱ्या पावसाळ्यात भाताला खताचा हप्ता द्यायचा होता. ट्रॉली बांधाशी उभी होती आणि एक मजूर बाई पोते उतरवायला आत चढल्या. मॅटवर पाय पडला आणि मॅटसकट पाय पोटरीपर्यंत खाली गेला. पत्र्याची फाटकी कड पायाला लागली. सात टाके पडले, आवणीचे उरलेले दिवस बुडाले. मॅट उचलून पाहिली, तर खाली पत्रा म्हणावा असा उरलाच नव्हता. हाताने पापुद्रे निघत होते.

झाले काय? रबर वरून पाणी अडवते हे खरे, पण कडेने आत गेलेले पाणी ते बाहेरही जाऊ देत नाही. चिखलाचे पाणी मॅटखाली साचले. युरिया हवेतला ओलावा ओढून घेतो, आणि पोटॅश खतात क्लोराइड असते, म्हणजे मिठाचाच भाऊ. ते सगळे विरघळून पत्र्याशी बसले. उघडा पत्रा पावसाने भिजतो, पण उन्हाने दोन तासांत वाळतोही. मॅटखालचा पत्रा जूनमध्ये भिजला तो दिवाळीपर्यंत वाळला नाही. दात्यांनी पाच वर्षांत केले नसते एवढे नुकसान माझ्या मॅटने दीड वर्षात केले. आणि वरून सगळे झाकलेले, म्हणून कोणाला दिसलेही नाही. त्या बाईंच्या घरी मी गेलो होतो. त्या एवढेच म्हणाल्या, "साहेब, खाली बघून पाय टाकला असता, पण बघायला काही दिसतच नव्हतं."

तेव्हापासून मी सांगतो ते वेगळे आहे. तळाला चिलखत घालू नका. जिथे चाक टेकते तिथेच आधार द्या, तो उचलता येईल असा ठेवा, आणि त्याच्याखालून वारा व पाणी जाऊ द्या.

फळ्यांच्या दोन चाकोऱ्या

यासाठी सर्वांत सोयीची वस्तू म्हणजे लाकडी फळी. चिखलात पाय रुतू नये म्हणून आपण फळी टाकून तिच्यावरून जातो, तेच तत्त्व. दीड इंच जाडीच्या फळीवर दाता टेकला, की तो लाकडात जरासा रुततो, सरकत नाही, आणि त्याचा भार खाली तळहाताएवढ्या जागेवर पसरतो. लाकूड बाभळीचे किंवा ऐनाचे असल्यास उत्तम. आंब्याच्या फळ्या स्वस्त पडतात, पण दोन पावसाळ्यांत कुजतात. बांधकामावरच्या जुन्या सेंट्रिंगच्या फळ्या मारुंजी-हिंजवडीकडे आता भरपूर मिळतात. त्या चालतील, मात्र खिळे काढून घ्यावेत आणि चिरलेली फळी घेऊ नये.

आपल्या यंत्राच्या दोन चाकांमधले अंतर मोजा. त्या अंतरावर हौद्याच्या लांबीएवढ्या दोन चाकोऱ्या करावयाच्या. चाकाच्या रुंदीपेक्षा फळी प्रत्येक बाजूस दोन-तीन इंच जास्त असावी. एक फळी पुरत नसेल, तर दोन शेजारी-शेजारी जोडाव्यात. फळी थेट पत्र्यावर टाकू नये. तिच्या खालच्या अंगाला दर दीड-दोन फुटांवर अर्ध्या इंचाची आडवी पट्टी ठोकावी. ट्रॉलीखाली वाकून पाहिलेत, तर पत्र्याला आधार देणारे आडवे चॅनल दिसतील. शक्य तेथे पट्टी बरोबर त्या चॅनलवर येईल अशी ठेवावी, म्हणजे भार पत्र्याऐवजी चॅनल घेतो. पट्टीमुळे फळीखाली जी फट राहते, ती पाणी निघून जाण्यासाठी आहे; तिच्यात चिखल भरू देऊ नये.

फळ्या पत्र्याला स्क्रूने आवळण्याचा मोह होतो. तो टाळावा. प्रत्येक भोक म्हणजे गंजाला दिलेले दार. पुढच्या बाजूस फळ्यांची टोके हौद्याला भिडवावीत, मागे फाळका लावला की त्या जागच्या जागी अडकतात. दोन्ही चाकोऱ्या एकमेकींपासून दूर सरकू नयेत म्हणून पुढे व मागे एकेक आडवी पट्टी बोल्टने जोडावी. असा सांगाडा दोन माणसांनी उचलून बाजूला ठेवता येतो. ऊस किंवा खत न्यायचे असेल, त्या दिवशी तो घरी राहील.

ज्यांच्याकडे कारखान्यातला जुना कन्व्हेयर पट्टा आहे, त्यांनी त्याचे तुकडे फळ्यांच्या वरच्या अंगाला मारावेत. लाकूड जास्त टिकते आणि ओल्या फळीवर पाय घसरत नाही. पत्र्यावर मात्र तो थेट टाकू नये. कारण वर सांगितलेच. गोणपाट आणि पेंढा यांचा उपयोग शून्य. दोन्ही ओलावा धरून बसतात, आणि ओल्या पेंढ्यावरून चढताना माणूस पडतो. काही जण तळाला जळके ऑइल फासतात. गंज थोडा थांबतो हे मान्य, पण तळ निसरडा होतो, आणि तेच ऑइल पावसाच्या पाण्याबरोबर आपल्या खाचरात उतरते. त्याच ट्रॉलीतून पुढे इंद्रायणी तांदूळ न्यायचा आहे, हे विसरू नये.

रोटाव्हेटरसाठी चाकोरी पुरत नाही. तो ठेवताना दोन्ही बाजूंच्या फ्रेमखाली चार-पाच इंच उंचीचे ओंडके द्यावेत, म्हणजे पाती अधांतरी राहतात. पाती कशालाच टेकली नाहीत, तर तळही वाचला आणि पातीही.

चढवणे, बांधणे, उतरवणे

खाचराच्या उंच बांधाशी ट्रॉली उलटी लावून फाळका टाकता आला, तर त्यासारखे दुसरे काही नाही. बांध मात्र घट्ट हवा, पावसाने भुसभुशीत झालेला नको. तशी जागा नसेल, तर चढावाच्या फळ्या वापराव्यात. ट्रॉलीचा तळ जमिनीपासून तीन-साडेतीन फूट उंच असतो. त्यासाठी फळ्या निदान १२ फूट लांब असाव्यात. आखूड फळी म्हणजे उभा चढ, आणि उभ्या चढावर यंत्र मागे येते. फळ्यांची वरची टोके फाळक्याच्या कडेवर नुसती टेकवू नयेत; टोकाला लोखंडी आकडा बसवून तो तळाच्या कडेत अडकवावा. यामुळे कडही झाकली जाते आणि दाते तिला चावत नाहीत.

टिलर चढवताना पुढच्या, उतरवताना रिव्हर्सच्या सर्वांत हळू गिअरात घ्यावा. चढावर असताना स्टिअरिंग क्लचला हात लावू नये. सपाटीवर डावा क्लच दाबला की यंत्र डावीकडे वळते. उतारावर मात्र सुटलेले चाक जास्त वेगाने घरंगळते आणि यंत्र उलट्या बाजूला वळते. हे ऐनवेळी कळले, तर सावरायला वेळ मिळत नाही. दिशा आधीच जमिनीवर सरळ करून घ्यावी. खालच्या बाजूला पोरेटोरे उभी राहू देऊ नयेत.

आत गेल्यावर इंजिन बंद, डिझेलचा कॉक बंद, गिअरात ठेवावे. चाकांना पुढून-मागून लाकडाची अडण लावावी. मग बांधावे, आणि फुलीत बांधावे: पुढच्या डाव्या कोपऱ्यातून यंत्राच्या उजव्या अंगाला, तसेच उलट. दोर किंवा साखळी यंत्राच्या चॅसीला अडकवावी, हँडलला किंवा क्लचच्या दांड्यांना नव्हे. दुसरे टोक हौद्याच्या कडीला बांधावे. फाळक्याला बांधलेला दोर फाळक्यासकट सुटतो. नायलॉनचा दोर ताणाने सैल होतो, म्हणून दोन किलोमीटर गेल्यावर एकदा उतरून पुन्हा आवळावा. हे काम कंटाळवाणे आहे खरे, पण तळाचे घसटणे निम्मे इथेच थांबते.

छोटा हत्ती किंवा पिकअप भाड्याने घेणाऱ्यांनी विशेष जपावे. त्यांचा तळ ट्रॉलीपेक्षा पातळ आणि नागमोडी पत्र्याचा असतो. फळ्या सोबत न्याव्यात. भाड्याच्या गाडीचा पत्रा फाटला, तर वाद होतो आणि तो वाद योग्यच असतो.

धुणे आणि तपासणे

चिखलणी संपली की फळ्यांचा सांगाडा बाहेर काढून उन्हात उभा करावा. तळ पाण्याने धुवावा. खत सांडले असेल, तर त्याच दिवशी धुवावा, रविवारची वाट पाहू नये. चारही कोपऱ्यांत बोट जाईल एवढे एकेक भोक असावे. वर भोकांविरुद्ध बोललो आणि आता भोके पाडा म्हणतो, असे वाटेल. पण ही पाणी बाहेर जाण्याची भोके आहेत. त्यांच्या कडेला नीट रंग लावावा आणि काडीने ती मोकळी ठेवावीत.

दिवाळीनंतर, उसाची वाहतूक सुरू होण्याआधी, एक दिवस तळासाठी काढावा. हातोडी घेऊन वीतभर अंतरावर ठोकत जावे. चांगला पत्रा ठणठणीत वाजतो. कुजलेला भद्द आवाज करतो. असे ठिकाण सापडले, की खडूने खूण करावी आणि खालूनही पाहावे. खालून पाहताना एक गोष्ट अगदी निक्षून सांगतो. हायड्रॉलिकने उचललेल्या ट्रॉलीखाली नुसत्या जॅकच्या भरवशावर जाऊ नये. पाइप फुटला किंवा कोणी चुकून लिव्हर हलवली, तर हौदा क्षणात खाली येतो. जाड ओंडक्याचा टेकू चॅसीवर देऊन, ट्रॅक्टरची चावी आपल्या खिशात घालून मगच खाली वाकावे.

जेथे नुसता गंज आहे तेथे तारेच्या ब्रशने घासून, कोरडे करून रेड ऑक्साइडचा एक आणि ऑइलपेंटचे दोन हात द्यावेत. जेथे पत्रा कुजला आहे तेथे वरून ठिगळ लावून घेऊ नये. वेल्डिंग सडलेल्या कडेला धरत नाही, आणि दोन पत्र्यांमध्ये पुन्हा पाणी साचते. कुजलेला भाग ठणठणीत पत्रा लागेपर्यंत कापून काढावा, आणि नवा तुकडा खालच्या चॅनलवर टेकेल एवढा मोठा घ्यावा. वेल्डिंगपूर्वी ट्रॉली ट्रॅक्टरपासून सोडवावी. जोडलेलीच ठेवायची असेल, तर बॅटरीची वायर काढून ठेवावी.

खर्चाचा अंदाज घरीच काढता येतो. ३ मिलिमीटर जाडीचा पत्रा एका चौरस फुटाला सुमारे २ किलो २०० ग्रॅम भरतो. १० बाय ६ फुटांचा अख्खा तळ म्हणजे ६० चौरस फूट, साधारण १३० किलो. दोन बाय दोन फुटांचे ठिगळ ९ किलोंच्या आत येते. वेल्डरकडे त्या दिवशीचा किलोचा भाव विचारा, मजुरी वेगळी धरा. तळाचा तिसऱ्या हिश्शाहून जास्त भाग भद्द वाजत असेल, तर ठिगळांच्या मागे न लागता नवा पत्रा टाकणे परवडते. तो ४ मिलिमीटरचा घेतल्यास वजन पावणेदोनशे किलोंच्या आसपास जाते. लोखंडी चाके दरवर्षी वाहणाऱ्यांनी तो घ्यावा, नुसता ऊस-खत नेणाऱ्यांना ३ मिलिमीटरचा पुरतो.

नवा पत्रा बसेपर्यंत खडूच्या खुणांवर रंगाने मोठी फुली मारून ठेवा आणि खताची पोती उतरवायला येणाऱ्या मजुरांना चढण्यापूर्वी ती दाखवा. त्या दिवसांत तळावर काहीही अंथरू नका.